आवाज, शांततेचा, बारीक

कोल दमामा दक्का. हे तीन हिब्रू शब्द बायबलमध्ये, एलीया नावाच्या संदेष्ट्याच्या गोष्टीत, राजांच्या पहिल्या पुस्तकात, १९व्या अध्यायाच्या १२व्या वचनात येतात, आणि दोन हजारांहून जास्त वर्षं भाषांतरकार तिथे येऊन अडखळत आले आहेत. ग्रीकमध्ये आणणाऱ्यांनी 'मंद झुळकीचा आवाज' केला. लॅटिनमध्येही झुळूकच आली, जराशी सळसळणारी. अरामी भाषेत अर्थ सांगणाऱ्यांनी तर 'हळू आवाजात स्तुती करणाऱ्यांचा नाद' असं लिहून टाकलं, म्हणजे शांततेत कोणीतरी गात असणारच असं धरून. १६११ सालच्या इंग्रजी बायबलने 'शांत, लहान वाणी' असा अर्थ घेतला आणि तोच जगभर पसरला. मराठी बायबल वाचणाऱ्यांच्या कानावरही साधारण 'शांत, मंद वाणी'च असते.

शब्दशः पाहिलं तर 'कोल' म्हणजे आवाज, 'दमामा' म्हणजे शांतता आणि 'दक्का' म्हणजे बारीक. आवाज, तो शांततेचा, आणि तोही बारीक. तर्काला हे पटत नाही म्हणून भाषांतरकार झुळूक आणतात. पण आपण मराठीत सरळ 'किर्र शांतता' म्हणतोच की. किर्र हा तर रातकिड्यांचा आवाज. शांतता इतकी की तिचाच आवाज यायला लागतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

या तीन शब्दांवर एक मोठी कल्पना उभी राहिली आहे. गोंगाटापासून दूर जा, मन स्थिर करा, मग देव कानात हळूच वाट सांगेल. प्रवचनांत ती असते, कॅलेंडरांवर असते, सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांत असते. कल्पना गोड आहे. पण मूळ गोष्टी वाचायला बसलं की लक्षात येतं, तिथे शांत वेळी ऐकू आलेली गोष्ट गोड अशी फार क्वचित असते. बहुतेक वेळा ती ऐकणाऱ्याची झोप उडवते.

आधी थोडी पार्श्वभूमी. हिब्रू धर्मग्रंथ म्हणजे ज्यू लोकांचा तनाख. ख्रिस्ती लोक जवळपास तीच पुस्तकं, थोड्या वेगळ्या क्रमाने, जुना करार म्हणून वाचतात. त्या जगात देवाला विचारायच्या ठरलेल्या रीती होत्या. इस्राएलच्या शौल राजाच्या गोष्टीत तिन्ही एकाच ओळीत सापडतात: स्वप्न, उरीम आणि संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारी माणसं. उरीम आणि थुम्मीम या महायाजकाच्या ऊरपटात ठेवलेल्या वस्तू. प्रश्न विचारायचा आणि हो की नाही, हा की तो, असं उत्तर घ्यायचं. आपल्याकडे देवाला कौल लावतात, त्याच्या जवळचं काहीतरी. (गंमत म्हणजे मराठीतला 'कौल' अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ शब्द, बोलणं. हिब्रू 'कोल' आणि अरबी 'कौल' हे एकाच सेमिटिक कुळातले भाऊबंद मानले जातात.)

आणि देव आपणहून बोलायचा तेव्हा बहुधा दणक्यात. सीनाय पर्वतावर मोशेला नियमशास्त्र मिळालं तेव्हा गडगडाट, विजा, दाट ढग, शिंगाचा वाढत जाणारा नाद, धूर, आग आणि थरथरणारा डोंगर. तिथल्या गडगडाटाला हिब्रूत शब्द आहे 'कोलोत', म्हणजे 'कोल'चंच अनेकवचन. २९व्या स्तोत्रात परमेश्वराचा 'कोल' सात वेळा येतो आणि लबानोनचे गंधसरू मोडून काढतो. म्हणजे आवाज या शब्दाची सवय कशाची होती ते लक्षात घ्या. त्या सवयीला एलीयाच्या गोष्टीत धक्का बसतो.

इ. स. पूर्व नववं शतक, उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य, राजा अहाब. राणी ईजबेल सीदोनच्या राजघराण्यातली, आणि तिच्या पाठबळावर बआल या वादळाच्या आणि पावसाच्या देवाची पूजा जोरात. नेमका पाऊसच पडेनासा झालेला. कर्मेल डोंगरावर एलीया एकटा आणि समोर बआलाचे ४५० संदेष्टे. अट अशी, की ज्याचा देव आग पाठवून उत्तर देईल तो खरा. ते सकाळपासून ओरडतात, नाचतात, अंगावर वार करून घेतात. एलीया टोमणे मारतो, "अजून मोठ्याने ओरडा, झोपला असेल." मग तो स्वतःच्या वेदीवर पाणी ओतवतो, एकदा प्रार्थना करतो, आणि आग येऊन होम, लाकडं, दगड, चरातलं पाणी, सगळं चाटून नेते. लोक पालथे पडतात. एलीया त्या संदेष्ट्यांना किशोन ओढ्याकाठी ठार करवतो. संध्याकाळपर्यंत पाऊस येतो. देवाने उत्तर द्यावं तर असं, असं कोणालाही वाटेल.

ईजबेल मात्र एक निरोप धाडते: उद्या या वेळेपर्यंत तुझी गत त्यांच्यासारखी केली नाही, तर बघ. आणि डोंगरावर ४५० जणांना न घाबरलेला माणूस पळत सुटतो. दक्षिणेला यहूदाच्या राज्यात, बैर-शेब्यापर्यंत. तिथे गड्याला मागे ठेवतो आणि एकटाच दिवसभराची वाट चालून वाळवंटात एका झुडपाखाली बसतो. "पुरे झालं," तो म्हणतो. "परमेश्वरा, आता जीव घे माझा. मी काही माझ्या वाडवडिलांहून चांगला नाही." आणि झोपतो.

इथे देवदूत येतो आणि काय करतो? हलवून उठवतो आणि म्हणतो, "ऊठ, खा." उशाशी गरम दगडांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो: "ऊठ, खा. पुढची वाट तुला झेपायची नाही." उपदेश नाही, खडसावणं नाही, 'असं बोलू नये' नाही. मला या सगळ्या अध्यायात हा भाग फार आवडतो, आणि शांत वाणीच्या घाईत नेमका तोच गाळला जातो. खचलेल्या माणसाला मिळालेला पहिला संदेश म्हणजे जेव आणि झोप, पुन्हा जेव.

त्या भाकरीच्या बळावर तो चाळीस दिवस, चाळीस रात्री चालत होरेबला पोचतो. होरेब म्हणजे सीनायच. तिथे तो गुहेत मुक्काम करतो, आणि हिब्रूत 'एका गुहेत' असं नाही, 'त्या गुहेत' असं आहे. मोशे जिथे खडकाच्या कपारीत उभा होता आणि देवाचं तेज समोरून गेलं, तीच ही गुहा, असं ज्यू परंपरा मानते. म्हणजे एलीया नुसता पळालेला नाही. जिथे एकदा आग, धूर आणि गडगडाटासह देव उतरला होता, तिथे तो पुन्हा तसंच काही घडावं म्हणून आला असणार.

आणि घडतंही. डोंगर फोडणारा, खडकांच्या ठिकऱ्या उडवणारा वारा येतो. 'वाऱ्यात परमेश्वर नव्हता.' वाऱ्यानंतर भूकंप. 'भूकंपात परमेश्वर नव्हता.' भूकंपानंतर आग. 'आगीत परमेश्वर नव्हता.' आगीनंतर कोल दमामा दक्का.

इथे जरा थांबून वाचा. 'त्या शांततेत परमेश्वर होता' असं हिब्रू मजकूर म्हणतच नाही. तीनदा 'नव्हता' म्हटल्यावर चौथ्यांदा वाक्य अर्धवटच सोडलं आहे. काही ग्रीक प्रतींत 'आणि तिथे परमेश्वर होता' अशी भर आहे. कोणाला तरी ती रिकामी जागा सहन झाली नसावी. मूळ लेखकाने ती मोकळी ठेवली.

वारा, भूकंप, आग हीच तीन का? एक कारण समोरच आहे: वादळ आणि वीज हे बआलाचं क्षेत्र. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित इथे १९२९ पासूनच्या उत्खननात मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांत बआल ढगांवर स्वार होतो आणि त्याच्या आवाजाने धरणी हादरते. आपला देव म्हणजे जास्त ताकदीचा बआल, असं कर्मेलवरच्या आगीनंतर लोकांना सहज वाटलं असतं. कदाचित खुद्द एलीयालाही. होरेबवर ही समजूत मोडून पडते.

'दक्का' हा शब्द इतर कुठे कुठे येतो ते पाहिलं की आवाजाचा पोत कळतो. इजिप्तचा राजा फारो याच्या स्वप्नातल्या हाडकुळ्या गायींना हाच शब्द. वाळवंटात देवाने खायला दिलेला, पहाटे जमिनीवर दहिवरासारखा पसरलेला मान्नाही 'दक'. मंदिरात जाळायचा, कुटून वस्त्रगाळ केलेला धूप 'दक्का'. मराठीत हे सगळं एका शब्दात मावतं: गाय बारीक, पूड बारीक, आवाजही बारीक. इंग्रजीला इथे दोन-तीन शब्द शोधावे लागले, आपल्याला एक पुरतो. पंडिता रमाबाईंनी उतारवयात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. हिब्रूची अशी एकेक गाठ मराठीच्या घरगुती शब्दांनी सोडवता येते, हे त्यांना पदोपदी जाणवलं असेल असं मला वाटतं.

'दमामा' मात्र दुर्मीळ. अख्ख्या तनाखमध्ये तीनच वेळा. एक इथे. दुसरी १०७व्या स्तोत्रात, समुद्रातलं वादळ शमून 'दमामा' होतं तेव्हा; नावाडी सुटकेचा श्वास सोडतात. तिसरी जागा ईयोबच्या पुस्तकात. तिच्याकडे नंतर येऊ, कारण ती या सगळ्या गोड कल्पनेला सुरुंग लावते.

तर, आवाज ऐकल्यावर एलीया अंगावरच्या झग्याने तोंड झाकतो आणि गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. आणि त्याला विचारलं जातं, "मा लखा फो, एलीयाहू?" मराठीत अगदी शब्दाला शब्द: "तुझं इथे काय, एलीया?" म्हणजे तुझं काम इथे नाही, भलतीकडे आहे. हा प्रश्न वादळाच्या आधीही एकदा विचारून झालेला असतो. तेव्हा एलीयाने उत्तर दिलं होतं, की परमेश्वरासाठी मी पेटून उठलो; लोकांनी तुझा करार सोडला, तुझ्या वेद्या पाडल्या, तुझे संदेष्टे तलवारीने मारले; मी एकटाच उरलो आणि आता माझ्याही जिवावर उठलेत. आता, एवढं सगळं पाहून झाल्यावर, तो काय म्हणतो? तेच. शब्द न शब्द तेच.

हे लेखकाने मुद्दाम केलं आहे यात मला शंका नाही. शांततेचा आवाज ऐकूनही माणूस जिथे होता तिथेच आहे. शिवाय 'मी एकटाच उरलो' हे खरंही नाही. आदल्याच अध्यायात ओबद्या नावाच्या राजकारभाऱ्याने त्याला तोंडावर सांगितलंय, की मी पन्नास-पन्नास करून शंभर संदेष्टे गुहांत लपवले, त्यांना अन्नपाणी पुरवलं. दमलेल्या माणसाला असल्या गोष्टी आठवत नाहीत.

देवाचं उत्तर? समजूत घालणं नाही, 'मी तुझ्या पाठीशी आहे' नाही. "जा, आल्या वाटेने परत जा." आणि तीन कामं: हजाएलाला अरामचा राजा म्हणून अभिषेक कर, येहूला इस्राएलचा राजा म्हणून, आणि अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा म्हणून. जाता जाता एक आकडा: बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक मी राखून ठेवले आहेत. 'एकटाच' या शब्दाला मिळालेलं हे उत्तर. आणि 'तुझ्या जागी' यात बदलीचा हुकूमही आहे.

आता ईयोबकडे. मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेला ईयोब राखेत बसला आहे आणि मित्र समाचाराला आले आहेत. पहिला मित्र अलीफज त्याला सांगतो, की मला रात्री एक अनुभव आला. सगळे गाढ झोपेत असताना चोरपावलांनी एक शब्द माझ्याकडे आला, कानाने त्याची कुजबुज टिपली. अंगावर काटा आला, केस उभे राहिले. डोळ्यांपुढे काहीतरी उभं होतं, ओळखू येईना. 'दमामा, आणि कोल ऐकला.' तेच दोन शब्द! रात्र, एकांत, शांतता, अंगावर शहारा. सगळी सामग्री आहे. आणि त्या आवाजाने सांगितलं काय, तर देवापुढे माणूस कधी निर्दोष ठरेल का? या भांडवलावर अलीफज दुःखाने पिचलेल्या मित्राला सुनावतो, की तुझ्यावर हे आलं त्यात तुझंच काही चुकलं असणार.

पुस्तकाच्या शेवटी देव अलीफजला स्पष्ट सांगतो, की तू माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीस. आणि ईयोबला देव उत्तर देतो ते कशातून? वावटळीतून. हिब्रूत शब्दच 'सआरा', वादळ. एलीयाला जो वाऱ्यात सापडला नाही तो ईयोबशी वाऱ्यातूनच बोलतो. तेव्हा 'शांत आवाज देवाचा, मोठा आवाज खोटा' असा नियम करायचा म्हटलं, तर तनाख तो करूच देत नाही.

मग ऐकलेला आवाज कोणाचा, हे ओळखायचं कसं? याची सगळ्यात बारकाईने सांगितलेली गोष्ट शमुवेलाची आहे, आणि ती शिलोच्या मंदिरात घडते. शमुवेल लहान मुलगा, म्हाताऱ्या एली याजकाच्या हाताखाली. लेखक सुरुवातीलाच बजावतो, की त्या दिवसांत परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं. एलीची नजर मंदावलेली. दिवा अजून विझलेला नाही, म्हणजे पहाटेआधीची वेळ. मुलगा कराराच्या कोशाजवळ, म्हणजे त्या पवित्र पेटीजवळ, झोपलेला.

हाक येते. शमुवेल धावत एलीकडे जातो. "हा आलो. तुम्ही हाक मारलीत ना?" "नाही बाळा, मी नाही हाक मारली. जा, झोप." पुन्हा हाक, पुन्हा धावणं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तसंच. लक्षात घ्या, मुलाला हाक परकी वाटतच नाही. ती त्याला रोजच्या माणसाच्या हाकेसारखी ऐकू येते. विजा नाहीत, शहारा नाही. आणि ओळखतो कोण? ज्याला स्वतःला काही ऐकू आलेलं नाही तो म्हातारा. तिसऱ्या खेपेला एलीच्या ध्यानात येतं आणि तो शिकवतो, की पुन्हा हाक आली तर म्हण, बोल परमेश्वरा, तुझा दास ऐकतो आहे.

चौथ्यांदा हाक येते. शमुवेल म्हणतो, "बोल, तुझा दास ऐकतो आहे." 'परमेश्वरा' हा शब्द त्याने गाळला. जुन्या ज्यू भाष्यकारांनी हे हेरलं: हा आवाज दुसऱ्याच कोणाचा असला तर, अशी त्याला धास्ती असावी. नाव घेण्याआधी ऐकून तर घेऊ! दहा-बारा वर्षांच्या पोराचा हा सावधपणा मला अलीफजच्या आत्मविश्वासापेक्षा फार मोठा वाटतो.

आणि निरोप काय आला? एलीच्या घराण्याचा नाश. त्याची मुलं देवाला वाहिलेलं मांस लुबाडत होती, आणि त्याने त्यांना आवरलं नाही. म्हणजे ज्याने मुलाला ऐकायला शिकवलं, त्याच्याविरुद्धचा निकाल मुलाच्या हाती आला. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो, उठून मंदिराची दारं उघडतो, रोजची कामं करतो. सांगायची त्याला भीती वाटते. एलीच त्याला बोलावून म्हणतो, "माझ्यापासून काही लपवू नकोस." सगळं ऐकल्यावर म्हातारा इतकंच म्हणतो, "तो परमेश्वर आहे. त्याला बरं वाटेल ते तो करो."

याच एलीने काही वर्षांपूर्वी, याच मंदिरात, शांतता ओळखण्यात सपशेल चूक केली होती. शमुवेलाची आई हन्ना मूल व्हावं म्हणून इथेच प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एलीला वाटलं, बाई दारू प्यायली आहे, आणि तो तिला ओरडला. "नाही महाराज," ती म्हणाली, "मी मन मोकळं करते आहे." ताल्मूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, पुढे प्रार्थनेचे नियम या दारुड्या ठरवल्या गेलेल्या बाईवरून घेतले: ओठ हलले पाहिजेत, आवाज चढता कामा नये. आजही सिनेगॉगमध्ये उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना, अमिदा, आधी प्रत्येक जण स्वतःशी पुटपुटतो.

शांततेची दुसरी बाजूही विसरू नये. शौल राजा पलिष्टी शत्रूंची छावणी पाहून घाबरतो, देवाला विचारतो, आणि स्वप्नांतून, उरीममधून, संदेष्ट्यांकडून, कुठूनच उत्तर येत नाही. ही पण शांतताच. हतबल होऊन तो एन-दोरच्या मृतात्मे बोलावणाऱ्या बाईकडे जातो. स्तोत्रांत तर 'देवा, गप्प राहू नकोस' अशी विनवणी पुन्हा पुन्हा येते. आणि ध्यानाच्या फलकांवर असतं ते ४६व्या स्तोत्रातलं 'शांत व्हा आणि मी देव आहे हे जाणा'? तिथला हिब्रू शब्द 'हरपू', म्हणजे सैल सोडा, हात आवरा. आदल्याच वचनात धनुष्यं मोडण्याची आणि युद्धं थांबवण्याची गोष्ट आहे. हे लढाईला निघालेल्यांना सांगितलंय.

एलीयाकडे परत येऊ, कारण रब्बींनी त्याला सहजासहजी सोडलं नाही. त्यांचं म्हणणं, एलीयाने बापाचा मान राखला, लेकरांचा नाही. देवाची बाजू घेतली, पण लोकांची वकिली केली नाही, म्हणून त्याच्या जागी अलीशा आला. एका जुन्या मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या शास्त्रकथांच्या ग्रंथात, तर त्याला शिक्षाच आहे. लोकांनी करार सोडला अशी तक्रार केलीस ना? मग इथून पुढे ज्यू घरात मुलाची सुंता, म्हणजे कराराची खूण, होईल तेव्हा प्रत्येक वेळी तू हजर राहून बघ, की करार पाळला जातो आहे. म्हणून सुंतेच्या वेळी आजही एलीयासाठी एक खुर्ची मांडतात.

ती खुर्ची कोकणातही मांडली गेली. चौल-अलिबागच्या टापूतले, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले मराठीभाषक बेने इस्राएल ज्यू एलीयाला 'एलियाहू हानाबी' म्हणतात आणि त्याच्यावर त्यांची फार श्रद्धा. नवस फेडताना, शुभकार्याआधी मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, आणि एलियाहूचं गाणं. अलिबागजवळ खंडाळे परिसरातल्या एका खडकावर त्याच्या रथाच्या घोड्याची टाप उमटली आहे असं ते मानतात. होरेबवर 'मी एकटाच उरलो' म्हणणाऱ्या माणसाला लोकांनी घरोघरी बोलावून ठेवलं आहे, हे मला रब्बींच्या शिक्षेपेक्षाही चांगलं उत्तर वाटतं.

त्या तीन कामांचं पुढे काय झालं? हजाएल आणि येहू ही कामं एलीयाच्या हातून झाली नाहीत. ती पुढे अलीशाकडे गेली. एलीयाने एकच केलं. होरेबवरून उतरला आणि शेतात बारा जोड्या बैलांमागे नांगर धरलेल्या अलीशाजवळून जाताना अंगावरचा झगा काढून त्याच्या अंगावर टाकला. गुहेच्या तोंडाशी तोंड झाकून घेतलं होतं त्या झग्यासाठी हिब्रूत जो शब्द आहे, तोच इथेही. झगा टाकताना तो काही बोलला असं लिहिलेलं नाही. अलीशाने बैल तिथेच सोडले आणि त्याच्यामागे धावला.